उजनीच्या पाण्यावर 16 फुटी आणि 22 फुटी मोटरबोट: दोन्ही वापरल्यानंतरचा अनुभव

उजनी जलाशयाच्या करमाळा तालुक्यातील काठावर आमची ऊस-केळीची शेती आहे, धाकट्या बहिणीचे सासर समोरच्या काठावर इंदापूर तालुक्यात आहे, आणि मी नोकरीनिमित्त सोलापुरात राहून सुट्टीच्या दिवशी गावी जातो. शेती थोरले बंधू पाहतात. पाण्यातून सरळ गेले तर बहिणीचे गाव समोर दिसते. रस्त्याने जायचे तर टेंभुर्णीकडून किंवा भिगवणकडून मोठा वळसा पडतो. त्यामुळे बोट ही आमच्याकडे हौसेची वस्तू नाही. गेल्या भाद्रपदापासून या वर्षीचा पाऊस सुरू होईपर्यंत आमच्याकडे दोन मोटरबोटी एकाच वेळी होत्या. एक नवी 16 फुटी, दुसरी वापरलेली 22 फुटी. दोन्ही चालवून बघायच्या आणि हंगामाअखेर एकच ठेवायची, असे घरात आधीच ठरले होते. दोन्ही बोटी एकाच पाण्यावर, एकाच वाऱ्यात आणि त्याच माणसांच्या हातून चालल्यामुळे हा अनुभव काठावरच्या इतरांना उपयोगी पडेल, असे वाटते.

आधी दोन्हींची ओळख करून देतो. छोटी बोट फायबरची, 16 फूट लांब व सुमारे 5 फूट रुंद, तळ जवळजवळ सपाट. तिला 15 अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन (बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवायचे) असून ते मागे बसून हाताच्या दांड्याने वळवायचे. मोठीही फायबरचीच, 22 फूट लांब आणि 7 फूट रुंद, पुढचा तळ व्ही आकाराचा. तिला 40 अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन आणि स्टिअरिंग आहे. मोठी बोट जुनी असूनही नव्या छोट्या बोटीच्या जवळपास दीडपट किमतीला पडली, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

कागदावर पाहिले तर फरक 6 फुटांचा दिसतो. पाण्यात मात्र लांबीपेक्षा रुंदीचा फरक जास्त जाणवला. नावेचा आडवा तोल रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे 5 फुटांची रुंदी 7 फूट झाली तर रुंदी दीडपटही होत नाही, पण तोल केवळ त्या कारणाने पावणेतीनपट होतो, आणि लांबीचा फायदा त्यावर वेगळा मिळतो. छोट्या बोटीत कोणी एका बाजूने उठून उभे राहिले की बाकीच्यांना आपोआप दुसऱ्या बाजूला सरकावे लागे. मोठ्या बोटीत बहिणीच्या सासूबाई एका कडेला नीट बसून, सामान मांडीवर न घेता, निवांत पलीकडे गेल्या. वयस्क माणसे आणि लहान मुले ज्या बोटीत बसणार आहेत, तिचा विचार करताना इंजिनाच्या ताकदीआधी तिची रुंदी विचारावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

दुसरी गोष्ट पाण्यावर उरणाऱ्या कडेची. बोटीत एक माणूस वाढला की ती किती खाली जाते, हे तिने पाण्यावर किती जागा व्यापली आहे त्यावर ठरते. आमच्या छोट्या बोटीत प्रत्येक माणसामागे कड साधारण अर्धा इंच खाली जाते, मोठ्या बोटीत पाव इंच. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, परंतु पाच माणसे आणि युरियाची सहा पोती चढवली की छोट्या बोटीची कड चार-साडेचार इंच उतरते, आणि मागच्या ज्या फळीवर इंजिन बसवलेले असते ती तर मुळातच कमी उंचीची असल्यामुळे तिथे पाणी फारच जवळ येते. पाठीमागून लाट आली तर ती पहिल्यांदा याच जागेवरून आत शिरते. बोट विकत घेताना सगळे पुढून बघतात. तिला मागे जाऊन, इंजिनाजवळ बसलेल्या माणसाच्या वजनासह बघायला हवे.

आता वाऱ्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण उजनीवर बोटीचा आकार ठरवताना सर्वांत जास्त विचार याचाच करावा लागतो. सोलापूर शहरातल्या सिद्धेश्वर तलावात किंवा तुळजापूर रस्त्यावरच्या हिप्परगा तलावात ज्यांनी नौकाविहार केला आहे, त्यांना त्यावरून उजनीची कल्पना येणार नाही. लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला, आणि त्याला किती लांब उघडे पाणी मिळाले. भीमा वायव्येकडून आग्नेयेकडे वाहते आणि जलाशयही त्याच दिशेने लांबट पसरला आहे; उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे त्याला पाण्याची रुंदी नव्हे, बऱ्याच ठिकाणी लांबी मिळते. अशा वाऱ्यात दोन फुटांच्या लाटा उठताना आम्ही पाहिल्या आहेत. समुद्रावरच्या लाटेसारखी ही लाट लांब नसते. ती आखूड आणि उभी असते. एक ओसरत नाही तोच दुसरी येते, आणि 16 फुटी बोट दोन लाटांच्या मधोमध नाक खुपसते.

2024 च्या 21 मे रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. आमच्या पंचक्रोशीत ती घटना अजून कोणी विसरलेले नाही, आणि या पाण्यावरच्या बोटीबद्दल लिहिताना तिचा उल्लेख टाळणे मला योग्य वाटत नाही. वळवाच्या पावसाआधी येणारा वारा पावसाच्या बराच पुढे धावतो. ढग दूर दिसत असतात, अंगावर थेंब नसतो, उकाडा एकाएकी मोडून गार झुळूक येते, पलीकडच्या काठावर धुळीची भिंत उभी राहते, आणि त्यानंतर हातात काही मिनिटेच उरतात.

असा वारा आम्हाला मे महिन्यात मोठ्या बोटीत, बरोबर बहिणीच्या घरची मंडळी असताना, पाण्याच्या मध्याच्या थोडे अलीकडे गाठून गेला. बंधूंनी वेग कमी केला, सगळ्यांना बाकावरून उतरवून तळाशी बसवले, आणि बोटीचे नाक लाटेला अगदी समोरून न देता थोडे तिरके ठेवून इंजिन जेमतेम बोट वळण्यापुरते चालू ठेवले. पाणी उडून आत येत होते, पण कडेवरून आले नाही. बोटीत साचलेले पाणी बादलीने काढता येईल एवढेच होते. प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट आधीपासून बांधलेले होते. वारा सुरू झाल्यावर हलत्या बोटीत ते अंगात घालून पट्टे आवळणे कोणालाही जमत नाही, म्हणून आमच्याकडे काठावरच जॅकेट घातल्याशिवाय कोणालाही बोटीत घेत नाहीत. चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची लाल दोरीही तशीच. माणूस पाण्यात पडला तर ती सुटून इंजिन बंद होते, आणि रिकामी बोट फिरत्या पंख्यासह माणसाच्या अंगावर येण्याचे टळते.

छोट्या बोटीवर असा प्रसंग आला नाही, कारण ढग दिसले की आम्ही ती बाहेर काढलीच नाही. हे तिच्या बाजूने लिहायचे की विरुद्ध, याचा मी बराच विचार केला. तिचा पेट्रोलचा खर्च कमी आहे हे खरे, पण एप्रिलपासून पुढे दुपारनंतरच्या कितीतरी फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. बहिणीकडे गेलेले लोक रात्री तिथेच राहिले, आणि एकदा तर बंधूंना बोट पलीकडेच बांधून रस्त्याने गाडीने परत यावे लागले. बोटीचा खर्च मोजताना न झालेल्या फेऱ्याही धरल्या पाहिजेत.

पेट्रोलचा हिशेब असा. पूर्ण वेगात 15 अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन तासाला 5 ते 6 लिटर पिते. 40 अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक 15 लिटरच्या पुढे जाते, आणि त्यात 50 लिटर पेट्रोलला 1 लिटर या प्रमाणात ऑइल मिसळावे लागते ते निराळे. पेट्रोल शंभर रुपयांच्या वर असताना हा फरक कोणाच्याही डोळ्यांत भरेल. परंतु पूर्ण वेगाचा आकडा हा अर्धाच हिशेब आहे. बोट हळू चालते तेव्हा ती पाणी कापत, स्वतःच उठवलेल्या लाटेच्या मागे चालते, आणि तेव्हा तिचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. 16 फुटांच्या बोटीला ही मर्यादा ताशी साधारण 10 किलोमीटरला लागते, 22 फुटांच्या बोटीला साडेअकराच्या आसपास. त्यापुढे जायचे तर बोटीने पाण्यावर चढून, पृष्ठभागावरून घसरत जावे लागते. छोटी बोट एक-दोन माणसांसह झटकन पाण्यावर चढते आणि त्या वेळी ती फार आनंद देते. तिच्यात पाच माणसे बसली की मात्र ती चढूच शकत नाही. नाक वर, शेपूट खाली, इंजिन पूर्ण ताकदीने ओरडत राहते आणि वेग वाढत नाही. मोठी बोट आठ माणसांसह पाण्यावर चढते, आणि एकदा चढली की इंजिन निम्म्याच्या थोडे वर ठेवून चालते. भरलेल्या फेरीचे पेट्रोल माणशी वाटले तेव्हा दोन्हींत आम्हाला वाटला होता तेवढा फरक राहिला नाही. एकटे बंधू मोटारी बघायला जाणार असतील, तर मात्र मोठी बोट काढणे ही निव्वळ उधळपट्टी आहे.

मोटारी बघणे म्हणजे काय, हे काठावरच्यांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. पाणी ओसरत जाते तसे शेतकऱ्यांना पाणी उपसण्याच्या मोटारी, केबल आणि पाइप त्याच्या मागे मागे न्यावे लागतात. उजनीची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्यातला 63 टीएमसीपेक्षा जास्त भाग मृत साठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेले तळाचे पाणी आहे. धरणाची टक्केवारी मृत साठ्याच्या वरच्या पाण्याचीच मोजतात, म्हणून धरण शून्य टक्क्यांवर आले तरी पाणी अफाट दिसते, पण ते आपल्या काठापासून दूर गेलेले असते. पूर्ण भरलेल्या पातळीपासून मृत साठ्याच्या पातळीपर्यंतची उतरण पावणेसहा मीटरच्या आसपास आहे, आणि 2024 च्या उन्हाळ्यासारखे वर्ष आले की धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली जाते.

बोट घेण्याआधी आम्ही कांदलगावच्या बाजूच्या एका वयस्क मच्छीमार काकांना विचारले होते. आम्ही फूट आणि अश्वशक्ती बोलत होतो, त्यांनी ते थांबवले आणि म्हणाले, "मालक, मधलं पानी बघून बोट घिऊ नगा. उन्हाळ्यात तुमचा काठ कुठं जातुय ते बघा, मग फुटाचं बोला."

त्यांच्या बोलण्याचा पुरा अर्थ आम्हाला फेब्रुवारीनंतर कळू लागला. आमच्या शेताचा काठ सपाट काळ्या रानाचा आहे. अशा रानात पाणी एक मीटर उतरले की काठ शंभर-सव्वाशे मीटर मागे सरतो, आणि मधे जो गाळ उघडा पडतो त्यात माणूस गुडघ्यापर्यंत रुततो. छोटी बोट इंजिन काढून ठेवल्यावर चार गडी बांबूवरून ढकलत पाण्यापर्यंत नेतात. तिला चालायला दीड-दोन फूट पाणी पुरते आणि इंजिन थोडे उचलून धरले तर त्याहून कमीतही ती जाते. मोठी बोट ढकलण्याचा विचारही करता येत नाही. तिला ट्रॅक्टर लागतो, आणि ट्रॅक्टर त्या गाळात उतरत नाही. तिच्या इंजिनाचा पाण्यात उतरणारा दांडा 20 इंची असल्यामुळे तिला अडीच फूट तरी पाणी हवे. मार्चमध्ये आम्ही तिला आत खोल पाण्यात नांगरून ठेवत होतो आणि तिच्यापर्यंत छोट्या बोटीतून जात होतो. म्हणजे मोठी बोट वापरण्यासाठी छोटी बोट हवी, असा प्रकार झाला होता, आणि एकच ठेवायची म्हटले तर ती छोटीच ठेवावी लागेल असे त्या दिवसांत मला वाटू लागले होते.

उपाय बंधूंनी शोधला. आमच्या गावाच्या हद्दीत, जुन्या नदीपात्राच्या वळणाजवळ एक मुरमाड उतार आहे. तिथे पाणी मीटरभर उतरले तरी काठ सात-आठ मीटरच सरकतो, जमीन कडक आहे, ट्रॅक्टर ट्रॉलीसह थेट पाण्यापर्यंत जातो, आणि जुने पात्र जवळ असल्यामुळे दोन बोटीच्या लांबीत खोल पाणी मिळते. जागा भावकीतल्याच एका शेतकऱ्याची आहे. त्यांच्याशी रीतसर बोलून, वर्षाचा मोबदला ठरवून आम्ही मोठी बोट तिकडे हलवली. त्यानंतर मे महिन्यातही ती एकदाही अडली नाही. शेतापासून तिथवर मोटारसायकलने जावे लागते, एवढीच गैरसोय आहे.

पाण्याखालच्या अडथळ्यांबद्दल दोन्ही बोटींना सारखीच काळजी घ्यावी लागते. धरण 1980 मध्ये पूर्ण झाले तेव्हा गावेच्या गावे पाण्याखाली गेली. विहिरींचे कठडे, घरांची जोती, बाभळीची खोडे आणि देवळांचे दगड पाणी उतरले की पंख्याच्या उंचीला येतात. पळसदेवचे जुने मंदिर उन्हाळ्यात पाण्याबाहेर येते तेव्हा लोक ते पाहायला गर्दी करतात, पण त्याआधीचे काही आठवडे, जेव्हा असे बांधकाम पाण्याच्या जरा खाली असते आणि दिसत नाही, तेच बोटवाल्यांसाठी वाईट असतात. छोट्या बोटीचा पंखा एकदा खोडाला लागला. पंख्याच्या मधल्या रबरी बुशने धक्का सोसला आणि गिअर वाचला. व्ही आकाराच्या तळामुळे मोठी बोट दगडाला लागलीच तर आधी नाकाने लागते, आणि तिथे फायबरचे थर जाड असतात. सपाट तळाची छोटी बोट दगडावर सपाटच बसते.

जाळ्यांचा उपद्रव त्याहून मोठा आहे. तंगुसाची (नायलॉनच्या बारीक धाग्याची) जाळी पाण्यात दिसत नाहीत आणि पंख्यात गुंतलेला धागा तोडून टाकला म्हणजे काम झाले असे होत नाही. त्याचा बारीक तुकडा पंख्याच्या मागे दांड्यावर गुंडाळला जातो आणि हळूहळू तिथले ऑइल सील कापतो. मग गिअरच्या ऑइलमध्ये पाणी शिरते आणि ते दुधाळ होते. म्हणून महिन्यातून एकदा पंखा पूर्ण काढून मागचा दांडा बघावा आणि गिअर ऑइलचा रंग तपासावा. छोट्या इंजिनाचा पंखा बंधू घरच्या पान्याने अर्ध्या तासात काढून बसवतात. मोठ्यालाही तेवढाच वेळ लागतो, पण सुटे भाग महाग आहेत आणि करमाळ्यात-टेंभुर्णीत मिळत नाहीत. ते पुण्याहून मागवावे लागतात.

जलपर्णीचा त्रास हिवाळ्यात जास्त झाला. इंजिन गार ठेवणारे पाणी ज्या जाळीतून आत जाते ती जाळी पाने-मुळ्यांनी बुजते. इंजिनामागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली की ताबडतोब इंजिन बंद करून, ते वर उचलून, जाळी हाताने मोकळी करायची. छोट्या बोटीत हे मागच्या बाकावर बसूनच करता येते. मोठीत वाकून करावे लागते आणि दुसरा माणूस बरोबर असलेला बरा. थंडीत भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी येतात, ते मुलांना दाखवायला नेतानाही छोटीच उपयोगी पडली, कारण लांबूनच इंजिन बंद करून ती वल्ह्याने नेता येते आणि पक्षी उठत नाहीत.

नोंदणीबद्दल एवढेच सांगतो की 1917 चा जुना कायदा जाऊन त्याच्या जागी अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 आलेला आहे, आणि यंत्रावर चालणाऱ्या बोटीसाठी नोंदणी, तपासणी आणि विमा हे विषय त्यात आहेत. बोट लहान आहे म्हणून कागदपत्रे लागत नाहीत, असे विकणाऱ्याने सांगितले तरी त्यावर विसंबू नये. आम्ही भाड्याने माणसे नेत नाही. ज्यांना तसे करायचे आहे त्यांनी बोट घेण्याआधीच महाराष्ट्र सागरी मंडळाकडे नियमांची चौकशी करावी.

आम्ही मोठी बोट ठेवली. मुरमाड उतार मिळाला नसता तर ठेवली नसती, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. ज्यांचा काठ सपाट काळ्या रानाचा आहे आणि जवळपास दुसरी जागा नाही, त्यांनी 16 फुटी बोटच घ्यावी, ती आपल्या काठाजवळच्या पाण्यात, मोटारींच्या आणि जाळ्यांच्या कामाला वापरावी, आणि तिच्यात बायका-मुले बसवून मोठे पाणी ओलांडू नये. ज्यांना माणसांची ने-आण करायची आहे त्यांनी आधी उतार शोधावा आणि मग 7 फुटांपेक्षा कमी रुंदीची बोट पाहूच नये. 18-19 फुटांची मधली बोट घ्या, असे आम्हालाही अनेकांनी सुचवले. पण आमच्या पाहण्यात आलेल्या तशा बोटी रुंदीला साडेपाच-सहा फूटच होत्या, ढकलायला जड होत्या, आणि वाऱ्यात छोट्या बोटीपेक्षा फारशा वेगळ्या वागत नव्हत्या. छोटी बोट आम्ही शेजारच्या वस्तीवरच्या शेतकऱ्याला दिली, त्यांना फक्त मोटारी बघायच्या असतात.

वापरलेली मोठी बोट घेणाऱ्यांनी इंजिन बसवलेल्या मागच्या फळीवर बोटांच्या सांध्यांनी सगळीकडे ठोकून पाहावे. फायबरच्या आतले लाकूड पाणी पिऊन कुजले असेल तर आवाज बोदा येतो, आणि ती दुरुस्ती फार खर्चाची असते. गिअर ऑइल थोडे सोडून त्याचा रंग बघावा. इंजिन आधीच चालवून गरम करून ठेवलेले नाही ना, हे हात लावून पाहून मगच थंड इंजिन स्वतः सुरू करावे. त्यानंतर बोट पाण्यात उतरवून, आपल्याला नेहमी न्यायची आहेत तेवढी माणसे किंवा तेवढ्या वजनाची पोती तिच्यात ठेवून, सकाळच्या शांत पाण्यावर न चालवता थोडा वारा असलेल्या दुपारी काठाजवळून चालवून पाहावी, आणि विकणारा याला तयार नसेल तर ती बोट घेऊ नये.